आजोबांची थ्री सेव्हन्टी फाइव्ह

वाचकाचे पत्र, थोडे आटोपून:

‘वडील जाऊन आठ महिने झाले. त्यांच्या कपाटात आजोबांची .३७५ मॅग्नम रायफल आहे. आजोबा चांदा जिल्ह्यात लाकडाचे ठेकेदार होते आणि १९४८ साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली होती. वडिलांनी ती एकदाही चालवली नाही, पण परवान्याचे नूतनीकरण कधी चुकवले नाही. मी दर रविवारी दुर्बीण घेऊन कवडीपाटला पक्षी पाहायला जातो आणि शिकारीचे नाव काढले तरी माझ्या कपाळाला आठी पडते. असे असून गेल्या आठवड्यात कपाट आवरताना ती रायफल हातात घेतली आणि अर्धा तास खाली ठेववली नाही. पत्नी म्हणते, विकून मोकळे व्हा. आई म्हणते, त्यांची आठवण आहे, राहू द्या. आजोबा सांगत की ही कॉर्बेटची बंदूक. मला ह्या वस्तूची ओढ का वाटावी? वाटते ह्याची लाज बाळगावी का? आणि ती ठेवावी की नाही?’

— एक वाचक, कोथरूड

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत आणि जो चौथा विचारायला हवा होता तो विचारलेला नाही, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. शस्त्राचा परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नसतो. वडील गेले त्या दिवसापासून त्या रायफलीला कायद्याच्या दृष्टीने धनी उरलेला नाही आणि आज ती तुमच्या घरात विनापरवाना आहे, मग परवान्याच्या पुस्तिकेवरची मुदत अजून शिल्लक असली तरी. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे २१वे कलम सांगते की, असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. आठ महिन्यांना विनाविलंब म्हणता येत नाही. दुःखाच्या घरात कपाट उघडायचे राहून जाते हे मला ठाऊक आहे. कॅम्पातल्या एका बंदुकीच्या दुकानात चाळीस वर्षे मी दुरुस्तीच्या बाकावर बसलो आणि तुमच्यासारखी ओशाळलेली मुले दर वर्षी दोन-तीन तरी तिथे येत. तरीही ह्या आठवड्यात पहिले काम जमा करण्याचे. आवडीनिवडीचा विचार रायफल ठाण्याच्या नाहीतर विक्रेत्याच्या कुलपात गेल्यावर निवांत करता येईल.

आता ओढीकडे वळतो.

आजोबांची एक गोष्ट मात्र दुरुस्त करावी लागेल. शिकारी जिम कॉर्बेट ह्यांची म्हणून जी रायफल प्रसिद्ध आहे ती .३७५ नव्हे, रिग्बी ह्या कारखानदारांची .२७५. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती त्यांना भेट मिळाली होती. हलकी, सडपातळ, लहान बोअरची, म्हणजे नळीच्या लहान छिद्राची ती रायफल आणि तुमच्या घरातली, ह्या दोन वेगळ्या कुळांतल्या आहेत. आजोबांनी थाप मारली असे मी म्हणणार नाही. त्या काळी जंगलात वापरलेली प्रत्येक चांगली विलायती रायफल ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी कॉर्बेटची होत असे. पण तुमच्या रायफलीला उसन्या नावाची गरज नाही, तिचे स्वतःचे घराणे पुरेसे मोठे आहे.

हे घराणे समजण्यासाठी तिच्या आधी काय होते ते पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकात काळ्या दारूच्या दिवसांत हत्ती किंवा गवा मारायचा म्हणजे शिशाचा मोठा गोळा फेकणे एवढाच मार्ग होता, म्हणून नळीचे तोंड मोठे होत गेले आणि बंदुकीचे वजन इतके वाढले की ती वागवायला सोबत एक माणूस लागे. शतक संपता संपता कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली आणि लहान गोळीला मोठा वेग देता येऊ लागला. त्यानंतर दोन टोके तयार झाली. एका टोकाला .५७७ आणि .६०० च्या दुनळी एक्सप्रेस रायफली, सहा-सात किलो वजनाच्या, सरदार-संस्थानिकांना परवडणाऱ्या, दुसऱ्या टोकाला .२५६ आणि .२७५ सारख्या लहान बोअरच्या रायफली, ज्या नेमाला अचूक होत्या, पण अंगावर येणाऱ्या मोठ्या जनावरासमोर चुकीला जागा ठेवत नव्हत्या. ह्या दोन टोकांच्या मधला जो पट्टा भरला गेला त्याला मध्यम बोअर म्हणतात. १९०५ साली बर्लिनच्या ओटो बॉक ह्या बंदूककाराने ९.३ × ६२ मिलिमीटरचे काडतूस काढले, इंग्लंडात .३१८, .३३३, .३५० ही काडतुसे आली आणि १९१२ साली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम आणले. बाकीची बहुतेक आज कपाटांत आणि लिलावांत उरली आहेत. .३७५ मात्र शंभर वर्षांनंतरही कारखान्यांतून बनते आहे आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत मोठ्या जनावरांसाठी कायद्याने ठरवलेली किमान पायरी तीच आहे.

ती का टिकली, हे तिच्या काडतुसाकडे पाहिले की कळते. .३७५ हा इंचाचा अंश आहे, म्हणजे गोळीचा व्यास सुमारे साडेनऊ मिलिमीटर. तीनशे ग्रेनची, म्हणजे साधारण साडेएकोणीस ग्रॅमची गोळी ती सेकंदाला अंदाजे ७६० मीटर वेगाने सोडते. हे आकडे अवाढव्य नाहीत आणि तिची खुबी तिथेच आहे. काडतुसाची पुंगळी लांब, बुडापासून तोंडाकडे निमुळती होत गेलेली आणि खांद्याला, म्हणजे गोळी धरण्यासाठी ती जिथे अरुंद होते तिथे, अगदी हलका उतार असलेली आहे. कॉर्डाइट हे शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात असे, त्या काड्यांना अशी लांब पुंगळी मानवत असे. दुसरे कारण उन्हाचे. उष्ण प्रदेशात कॉर्डाइटचा दाब वाढतो आणि सरळ भिंतींची पुंगळी नळीत चिकटून बसण्याची भीती असते. निमुळती पुंगळी थोडीशी मागे सरकली की सर्व बाजूंनी मोकळी होते. चांद्याच्या मे महिन्यात, समोर जखमी जनावर असताना, बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढल्यावर रिकामी पुंगळी बाहेर येते की नाही ह्यावर माणसाचा जीव अवलंबून असे.

पण खांदा इतका उतरता ठेवला की काडतूस नळीत नेमके कुठे थांबायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. दुनळीच्या काडतुसाला बुडाशी रुंद कड असते, ती अडकते आणि काम भागते. पण अशी कड बोल्टच्या रायफलीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे भरून ठेवायच्या कप्प्यात, एकमेकींत अडकून घोटाळा करते. म्हणून हॉलंडने पुंगळीच्या बुडाच्या थोडे वर धातूचा एक उठलेला पट्टा ठेवला, तो काडतुसाला जागच्या जागी रोखतो आणि मॅगझिनमधून सरकताना आडवाही येत नाही. वडिलांच्या कपाटात जुनी काडतुसे असतील तर (आणि असतीलच, ती असल्याशिवाय अशी कपाटे नसतात) एक हातात घेऊन तो पट्टा अंगठ्याने चाचपून पाहा. पुढे मॅग्नम म्हणून जी अनेक काडतुसे जगभर निघाली त्यांतल्या कित्येकांनी हा पट्टा उचलला, गरज असो वा नसो, मोठ्या घरच्या दागिन्यासारखा मिरवला. गरजेपोटी तो जिच्यावर आला ती ही. पाहून झाले की काडतूस परत ठेवा. ती काडतुसे चालवायची नाहीत, रायफलीबरोबर जमा करायची आहेत.

तिचा आणखी एक गुण जुने शिकारी नेहमी सांगत. २३५, २७० आणि ३०० ग्रेन अशा तीन वजनांच्या गोळ्या तिच्यात चालतात आणि चांगल्या रायफलीतून त्या तिन्ही शंभर यार्डांवर जवळजवळ एकाच जागी लागतात. एरवी गोळीचे वजन बदलले की नेम पुन्हा जुळवावा लागतो. जंगलात महिनाभर राहणाऱ्या माणसाला ह्याचा अर्थ असा की, चितळापासून गव्यापर्यंत सर्व कामांना एकच रायफल पुरे. धक्का .३०-०६ ह्या नेहमीच्या शिकारी रायफलीच्या साधारण दुप्पट असतो, पण तो अचानक बसणाऱ्या थपडेसारखा नसून कुणी खांद्याला धरून मागे लोटल्यासारखा असतो. आणि वजन सुमारे चार किलो, म्हणजे दिवसभर स्वतःच्या खांद्यावर वागवता येईल इतके. गाण्यात विलंबिताचे कौतुक होते, द्रुताला टाळ्या पडतात आणि मध्यलयीत गवयाचे खरे पाणी कळते, असे आमचे दुकानमालक म्हणत. ते सवाई गंधर्व महोत्सवाला दर वर्षी न चुकता जात, त्यामुळे त्यांच्या उपमा तिथूनच यायच्या. ही उपमा मला आजही पटते.

त्या अर्ध्या तासात तुम्हाला धरून ठेवले ते मात्र काडतुसाच्या गणिताने नव्हे. ते हातांनी केलेल्या कामाने. तुमच्या रायफलीवर कुणाचे नाव कोरले आहे हे तुम्ही लिहिले नाही. पण लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चांगल्या कारागिराची असेल तर दोन गोष्टी नीट पाहा. पोलादी यंत्राचा भाग अक्रोडाच्या दस्त्यात जिथे बसवला आहे तिथे लाकूड आणि धातू ह्यांच्यामध्ये नखही शिरणार नाही. हे कसे करत ते सांगतो. दिव्याची काजळी धातूला लावायची, तो लाकडाच्या खोबणीत दाबून बसवायचा, उचलायचा आणि लाकडावर जिथे काळा डाग उठेल तेवढेच पटाशीने तासायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणे, पुन्हा तासणे. डाग सगळीकडे सारखा उठेपर्यंत हे दिवसेंदिवस चाले. दुसरी गोष्ट स्क्रूंची. त्यांच्या डोक्यांवरच्या खाचा नळीच्या रेषेत सरळ उभ्या असतील. त्या एकीकडे एक, दुसरीकडे एक अशा फिरलेल्या किंवा कडांना कुरतडलेल्या दिसल्या तर मधल्या काळात कुणीतरी चुकीचा स्क्रूड्रायव्हर लावला आहे असे समजावे. मी पहिल्या वर्षी हा अपराध केला होता. मालक काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त तो स्क्रू काढून माझ्या बाकावर ठेवला आणि तो तिथे वर्षभर राहिला.

नळीचा निळसर काळा रंग हाही रंग नव्हे. आम्लाच्या मिश्रणाने नळीवर मुद्दाम गंज चढवायचा, ती पाण्यात उकळायची, वरची पूड बारीक तारेने घासून काढायची आणि हे अनेक वेळा करायचे, म्हणजे तो मखमली काळेपणा येतो. गंजाने गंजाला अडवण्याची ही युक्ती आहे. ती पुण्याच्या पावसाळ्यात पुरते, पण ओंगळ माणसाच्या हातात पुरत नाही.

तेव्हा ओढ वाटते ह्यात मला काही विपरीत दिसत नाही. कोणतीही वस्तू तिच्या कामाच्या गरजेतून इतकी नेमकी घडलेली असेल, तिच्यात एक रेषा जास्त नाही की एक कमी नाही असे असेल, तर ज्याला डोळे आहेत त्याला ती खेचून घेणारच. तुम्ही दुर्बिणीतून घारीच्या पंखांची ठेवण पाहता तेव्हाही हेच पाहता. केळकर संग्रहालयातली कट्यार पाहून आपण तिच्या मुठीवरचे काम वाखाणतो आणि तिने कुणाचे पोट फाडले असेल हा विचार मनात आला तरी संग्रहालयातून पळून जात नाही.

अर्थात इथे थांबलो तर मी तुम्हाला अर्धेच उत्तर दिले असे होईल, कारण कट्यारीच्या आणि ह्या रायफलीच्या गोष्टीत एक फरक आहे. कट्यारीचा काळ फार मागे गेला, रायफलीचा काळ तुमच्या आजोबांपर्यंत होता. ती ज्या मोठ्या जनावरांसाठी बनली, त्यांतला आपल्याकडचा एक म्हणजे गवा, वाढलेला नर टनाच्या आसपास भरणारा. दाजीपूरचे जंगल १९५८ साली ह्याच गव्यासाठी राखीव झाले, ते आजचे राधानगरी अभयारण्य. १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि हौशी शिकारीचा दरवाजा बंद झाला, तो बंद झाला हे उत्तम झाले. आणि तुम्ही कोथरूडचे आहात, म्हणून डिसेंबर २०२० ची ती सकाळ तुम्हालाही आठवत असेल, जेव्हा महात्मा सोसायटीच्या परिसरात एक गवा शिरला होता. गर्दी, आरडाओरडा, धावपळ, भुलीची इंजेक्शने आणि शेवटी पकडल्यानंतर त्याचा मृत्यू. मी तो टीव्हीवर पाहत होतो आणि मनात आलेला पहिला विचार काय होता ते प्रामाणिकपणे सांगतो: ज्या जनावराला रोखायला साडेनऊ मिलिमीटरची गोळी लागते असे मी चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आलो, त्याला माणसांच्या नुसत्या गर्दीने मारले. त्यानंतर दुकानातल्या जुन्या गप्पा मला पूर्वीच्या चवीने कधी आठवल्या नाहीत.

म्हणून लाजेबद्दल माझे मत असे. रायफलीची ओढ वाटते ह्याची लाज नको. पण ती भिंतीवर लावून पाहुण्यांना आजोबांच्या वाघांचे आकडे सांगण्याचा मोह झाला, तर त्याची लाज जरूर वाटू द्या. (घरात शिंगे, कातडी किंवा पेंढा भरलेले मुंडके असेल तर त्याचा मालकी दाखला आहे का तेही तपासा. तो विषय वेगळा आहे, पण वनखाते तो वेगळा समजेलच असे नाही.)

आता ठेवावी की नाही. तुम्ही तिचे काय करणार आहात हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर ‘काहीच नाही’ असे येणार हे मान्य करून पुढे चला. शिकार नाही. बालेवाडीच्या रेंजवर एअर रायफली आणि .२२ चालतात, तिथे ही चालणार नाही. घराच्या रक्षणासाठी ती निरुपयोगी आणि धोक्याची आहे, भिंती सदनिकांच्या आहेत आणि गोळी गव्यासाठीची आहे. म्हणजे उरते ते जपणे. वारसाहक्काने परवाना मागता येतो, तशी तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. पुणे शहरात हा अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो, इतर वारसांची, म्हणजे तुमच्या आईची आणि भावंडे असतील तर त्यांची, लेखी संमती लागते, सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि तुमची चौकशीही होते. बोअरची अडचण नाही: .३७५ मॅग्नम ही नॉन-प्रोहिबिटेड, म्हणजे नागरिकांना प्रतिबंधित नसलेल्या बोअरमध्ये मोडते. लष्कराची म्हणून .३०३ प्रतिबंधित राहिली आणि मागणी भागवायला आपला सरकारी कारखाना .३१५ ची रायफल बनवू लागला, हे तुम्ही ऐकले असेल. इथे बोअरच्या भवितव्यावर कायद्याचा हात जुनाच आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी घातली, कारण बंडखोरांच्या हातातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना त्या मापाचा माल उपयोगी पडेल अशी धास्ती होती, आणि त्या बंदीपायीच .४६५ आणि .४७० ही काडतुसे जन्माला आली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला दोनच बंदुकांची मर्यादा घातली आहे, तुमच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. ज्यांचे वडील हयात आहेत अशा वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की, परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले तर त्याच्या हयातीतही ते वारसाच्या नावे करण्याचा अर्ज देता येतो. तुमच्या वडिलांनी तो दिला असता तर हे पत्र अर्ध्यावर आले असते.

माझा सल्ला विचाराल तर अर्ज करा, पण दोन अटींवर. पत्नीची खरी संमती हवी, ‘तुम्हाला हवे ते करा’ ह्या सुरातली नको. चार किलोच्या लोखंडासाठी घरात रोजची कुरकुर विकत घेऊ नये आणि भिंतीत पक्की बसवलेली पोलादी तिजोरी घेण्याची तयारी नसेल तर मग तिचेच म्हणणे बरोबर आहे. दुसरी अट देखभालीची. तिला चामड्याच्या पेटीत कधीही ठेवू नका, चामडे ओल धरते आणि त्यातल्या क्षारांनी नळीवर डाग पडतात. आजोबांची ती सुंदर पेटी रिकामीच जपा. तेलाचा हात पुसट असावा आणि रायफल नळीचे तोंड खाली करून उभी करावी, नाहीतर वर्षानुवर्षे तेल उतरून दस्त्याच्या मानेतले लाकूड कुजल्यासारखे मऊ होते. त्याच मानेजवळ, बोल्टच्या मागच्या पोलादी शेपटीला लागून, केसासारखी चीर आहे का हे भिंगाने पाहा. .३७५ च्या धक्क्याने जुने दस्ते तिथेच तडकतात. नळीच्या आतले पेच (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) काळवंडलेले दिसले तर वाईट वाटून घेऊ नका. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाने नळीत क्षार राहत आणि बार काढल्यावर उकळते पाणी ओतून ते धुवायचे असतात हे जंगलात कित्येकांच्या अंगवळणी पडलेले नव्हते.

दोन्ही अटी जमत नसतील तर विका, परवानाधारक विक्रेत्यामार्फत आणि आधी लेखी कळवून. घाई करू नका. लंडनचे जुने कारखानदार रायफलीच्या क्रमांकावरून ती कधी आणि कुणासाठी बनली ह्याची नोंद काढून देतात. ती नोंद आधी मागवा. आईंना ठेवायला तो कागदही पुष्कळ होईल, कदाचित रायफलीपेक्षा जास्त.

आणि रायफल जमा करण्याच्या कामाबद्दल शेवटचे. ठाण्यात आधी फोन करा, काय आणत आहात ते सांगा आणि केव्हा यावे ते विचारा. रिकामी आहे हे बोल्ट मागे ओढून, नळीच्या मागच्या बाजूने आत बोट घालून तपासा. मग बोल्ट काढून वेगळ्या कापडात गुंडाळा, काडतुसे तिसऱ्या पिशवीत मोजून ठेवा. मृत्यूचा दाखला, परवान्याची मूळ पुस्तिका आणि दोन्हींच्या दोन-दोन प्रती न्या. पावतीवर बोअर, कारखानदाराचे नाव, काडतुसांची संख्या आणि क्रमांक लिहून घ्या आणि तो क्रमांक उठण्यापूर्वी रायफलीवरच्या कोरीव आकड्यांशी स्वतः ताडून पाहा. जुन्या इंग्रजी कोरीव कामात तीन आणि आठ फार सारखे दिसतात. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या पावतीवर असाच एक आठ पडला होता आणि स्वतःच्याच वडिलांची बंदूक स्वतःची आहे हे सिद्ध करायला त्याला दोन वर्षे लागली.